दोन इंच कमी

४ जून

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद. दुकानात कामाचा नुसता धुमाकूळ आहे, तरी तुझ्या लेकीच्या, आमच्या बटणबाईच्या, वाढदिवसाचा ड्रेस वेळेत पाठवतेय. सुट्टीत घेतलेल्या मापापेक्षा कमरेत मुद्दाम दोन इंच कमी धरलंय बरं का! पोरगी तुझ्यावरच गेलीय, ताटावरून उठायचं नाव नाही. तुझ्या लग्नाचे कपडे मी असेच शिवले होते. कशी मुकाट्याने बारीक झालीस! रुसली तर खुशाल माझ्यावर ढकल.
तुझी शिंपीण ताई

१९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. ड्रेस परत पाठवतेय. तो कमरेत बसावा म्हणून लेकीने चार दिवस डबा न उघडता परत आणला आणि पाचव्या दिवशी शाळेत चक्कर येऊन पडली. आता बरी आहे.

प्रयोगशाळेत मी रोज लोकांचं रक्त घेते, जेवणाआधी आणि नंतर. पोट रिकामं झालं की जठरातलं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मेंदूला भूक कळवतं. जेवलं की आतड्यांतली दुसरी संप्रेरकं पुरे म्हणून सांगतात. उपाशी राहून वजन उतरवलं की भुकेचं वाढतं, पुरे सांगणारी कमी पडतात, आणि हे वर्षभरसुद्धा टिकतं. लग्नानंतर मी अधाशासारखी खायचे, तेव्हा तू चारचौघांत मला खादाड म्हणालीस. मला ते खरंच वाटलं. वीस वर्षं स्वतःची लाज वाटली गं. लेकीचं तसं होऊ देणार नाही.
रागावले तरी तुझीच,
धाकटी

२ जुलै

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र चारदा वाचलं. काय करून बसले गं मी! आई गेल्यावर तू माझ्या हाती आलीस. लोकांनी तुला नावं ठेवू नयेत एवढंच डोक्यात होतं, आणि सगळ्यांत आधी मीच ठेवली.

ड्रेस सैल करायला उसवला, पण शिवणीत कापडच सोडलं नव्हतं, नवाच शिवायला हवा. म्हणून परवा तू कामावर असताना नवं माप घ्यायला येऊन गेले, हे लेकीने सांगितलं असेलच. मावशीचं चुकलं म्हटलं, आधी पोटभर जेव म्हटलं. हसली, जेवलीही. मग कमरेला टेप लावली, तर पोरीने श्वास आत ओढून धरला. सोड म्हटलं, सैल उभी राहा म्हटलं. तिने मान डोलावली, पण श्वास काही सोडला नाही.

माप न घेताच परत आले. माझ्यावर माया ठेव, असं लिहायला आज हात धजत नाही.
ताई