पणतीच्या पोटापर्यंत पोचलेला वारसा

मी, खाली सही करणारी, निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही भरीला न पडता लिहीत आहे. साक्षीदार डॉक्टरबाई म्हणतात, माझी नाडी जोरात चालली आहे. ते आजारपण नव्हे, आनंद आहे. कारण कलम चारमध्ये येईल. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांतले एक मी थोरल्या जावेशी भांडून आल्या आल्या लिहिले होते, ते वाचूही नये.

१. राहते घर गच्चीसह माझ्या एकुलत्या लेकीला द्यावे. न्हाणीघराचे दार ओढून न घेता ढकलून लावावे, हे तिला अजून जमलेले नाही.

२. बँकेतील ठेवी नातीला. बाळ अंगावर पितंय तोवर तिने पोटापाण्यासाठी घाईने कामावर धावू नये, एवढ्यासाठी.

३. सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेतील माझ्या सहकाऱ्याला. त्याने भिंग शर्टाच्या बाहीने पुसणे बंद करावे. आमच्या माजी विभागप्रमुखांना माझ्या पहिल्या निबंधाची प्रत द्यावी. तिच्यावर त्यांच्याच अक्षरात शेरा आहे: “लंगोटातून विज्ञान निघत नाही.” चौकट करून द्यावी. खर्च माझ्याकडून.

४. आता मुख्य मालमत्ता. लेक तान्ही असताना तिच्या लंगोटातून मी एक जंतू वेगळा काढला. बायफिडो जातीचा, टोकाशी दुभंगलेला, फार देखणा. आईच्या दुधात एक साखर असते, ती बाळाला पचत नाही; ती हा खातो आणि बाळाच्या पोटात तळ ठोकून उपद्रवी जंतूंना जागा देत नाही. तसाच जंतू माझ्याही पोटात सापडला. तो माझाच वाण लेकीकडे गेला, की हा त्याचा कोणी चुलत भाऊ, हे ठरवायची सोय तेव्हा नव्हती. मी दोन्ही नळ्या गोठवून ठेवल्या. पुढे जनुके वाचता येऊ लागली तेव्हा कळले, वाण एकच. नात गरोदर असताना तिचीही तपासणी केली. तिच्यातही तोच! मी प्रयोगशाळेत चक्क नाचले.

मग बाळंतपण अडले. बाळाचे ठोके मंदावले, तातडीने सिझेरियन झाले, पाठोपाठ अँटिबायोटिक. पणती काचेच्या पेटीत. तिच्या पहिल्या तपासणीत दवाखान्यातले उपरे जंतू होते, आमचा नव्हता. जाऊ भेटायला आली ती खाटेशी उभी राहून म्हणाली, “पिढ्यांची साखळी म्हणे! तुटली की नाही?”

नातीने ते मनाला लावून घेतले. घरी आल्यावर मला म्हणाली, “आजी, तुझं एवढं काम मी बिघडवलं ना गं?”

“काम गेलं खड्ड्यात! त्या ऑपरेशनमुळे तुम्ही दोघी घरी आलात.”

“पण आता तो येणार कुठून?”

“तुझ्याकडूनच. जन्माच्या वेळी येतो, पण तेव्हाच येतो असं नाही. तू तिला छातीशी धरतेस, पाजतेस, मुके घेतेस. त्याला वाटा पुष्कळ आहेत. आणि नाहीच आला, तर बाळ काही उणं होत नाही.”

दूध कमी होते. नात रडकुंडीला यायची, तरी बाळाला अंगाशी घ्यायची. लेक तिच्या पाठीशी उशा रचायची. मी नमुने घेत राहिले, तोंडातून मात्र अवाक्षर काढले नाही. माझ्यासारख्या बडबडीला ते किती जड गेले, ते घरचेच जाणोत.

काल सकाळी सहकाऱ्याचा फोन आला. “बाई, बसला आहात ना?”

“उभी आहे. बोल लवकर!”

“तोच आहे.”

“तोच म्हणजे तोच?”

“जनुकं ताडून पाहिली, बाई. तुमचाच!”

मी अशी किंचाळले की लेक ओल्या केसांनी बाहेर धावली.  नातीने बाळाच्या पोटावर नाक घासले आणि हसता हसता रडू लागली.

सबब ही मालमत्ता माझ्या हयातीतच पोचती झाली आहे. तिच्यावर कोणाला दावा लावता येणार नाही.

५. गोठवलेल्या नळ्या प्रयोगशाळेच्या. एक कंपनीवाला हा जंतू बाटलीत भरून विकू म्हणतो. त्याला चहा पाजून वाटेला लावावे. मला तो फुकट मिळाला, बहुधा आईकडून. तिचा नमुना घ्यावा हे सुचले तेव्हा ती राहिली नव्हती.

६. घरचा फ्रीज जावेला. त्यात मी लंगोटांचे नमुने ठेवायची म्हणून ती माझ्याकडे कधी थंड पाणी प्यायली नाही. आता घासून दिला आहे. भांडण मात्र मी बरोबर नेत नाही, सोडून देते.

७. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. विद्यार्थ्यांनी आतड्यांकडे नीट लक्ष द्यावे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

लिहून ठेवणारी: पणजी (सही)
साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरबाई (सही)
साक्षीदार: प्रयोगशाळेतील सहकारी (सही)
स्थळ: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: पणतीने पहिला घास खाल्ला तो रविवार

ता. क. सहीजवळचा पिवळा डाग ही खाडाखोड नव्हे. ते कुस्करलेले केळे आहे. ती माझ्या मांडीवर बसली होती. एवढ्यासाठी कागद बदलू नये.