गारांनी कोरलेलं रान

१७ मार्च

सगळं गेलं!

नऊच्या नऊ मातीच्या फरशा गच्चीवर वाळत होत्या. अजून ओलसर. दुपारी गारा आल्या आणि मी बाजारात अडकलेली. घरी पळत येईपर्यंत संपलंही होतं. गच्चीवर सासूबाई — डोक्यावर पालथी परात, हातात ताडपत्री. स्वतःच्या मिरच्या तशाच भिजत टाकून माझ्या मातीवर धावल्या होत्या! रोज म्हणतात, "शिकून-सवरून चिखलच कालवत बसलीस!"

तरी प्रत्येक फरशीवर खड्डे. ताडपत्री दाबली तिथं लांब वळ्या.

१८ मार्च

नव्यानं करायला वेळ नाही. नांदेडचं प्रदर्शन १२ एप्रिलला. माझं पहिलं! फरशांवर औसा रस्त्याकडेचं रान उठवायचं होतं — बांध, नाला, ज्वारी. कागदावर रेघ न् रेघ आखलेली. आता नुसते खड्डे.

बालाजी म्हणाला, "असंच भाज की." नवऱ्याला काय जातंय बोलायला! जेवले नाही.

१९ मार्च

सकाळी तिरपं ऊन होतं. एकेका खड्ड्यात सावली भरलेली. बघत बसले. बुजवायला घेतलेलं ओलं फडकं तसंच वाळून गेलं.

२६ मार्च

पहिली भाजणी झाली. एकही तडकली नाही.

३ एप्रिल

ग्लेझचा चकचकीत लेप लावून भाजलेल्या फरशांची भट्टी आज उघडली. हिरवं हवं होतं. आलंय तांबडं — मधेमधे राखेसारखं करडं. बर्नरच्या तोंडाशी विटेचा तुकडा पडला होता, आत हवा कमी पडून रंग फिरला असणार. रडूच आलं.

मग फरशा अंगणात एकमेकींना लावून मांडल्या. रडू थांबलं.

हे मला आखून जमलं नसतं. पुढच्या वेळी वीट मुद्दाम ठेवली तर हाच रंग येईल? बहुतेक नाही. पण ठेवून बघणार!

१२ एप्रिल, नांदेड

माणसं आली! एक जण म्हणाला, गारपिटीनंतरचा हरभरा. एका मुलीला चंद्र दिसला. मी कुणालाच नाही म्हटलं नाही.

सासूबाई फरशांजवळ वाकल्या. मग एका वळीवरून बोट फिरवत हळूच म्हणाल्या, "ह्यो वढा. असाच वळत होता. हितं देऊळ. अन् हितं आमचं घर."

"कुठलं गाव?" मी विचारलं.

"माझं माहेर. माझं लगीन झालं अन् दोन वर्षांत धरणात गेलं."

या घरात मी इतकी वर्षं आहे. माहेराचं नाव त्यांनी कधी काढलं नव्हतं. बालाजीलाही हे नवंच. परतीच्या एसटीत त्या घर येईपर्यंत बोलत होत्या — कोण कुठं राहायचं, चिंच कुणाच्या दारात होती.

२ मे

भल्या सकाळी सासूबाई दारात. पदर खोचलेला, काखेत घमेलं.

"ऊठ ग. धरणाचं पाणी उतरलंय, गाव वर आलंय म्हनं. चल — तिथली माती लई चिकट हाय!"