गाडीत लाइटचं काम चालू

५ जानेवारी, शनिवार. सकाळी ८.
गाडीत आतून एलईडी पट्ट्या लावायचं ठरवलं. चार पट्ट्या: दोन पायांपाशी, दोन दारांच्या खालच्या कडेला. रंग निळा, मंद. अंदाजे वेळ चार तास.
कारण लिहून ठेवते. १८ तारखेला बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. काचबिंदू. डावा जवळजवळ गेलाच आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची, तेव्हा उशीर नको. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. हॉस्पिटल गाडीने दोन तासांवर. ते घाबरले आहेत आणि मंद उजेडाने मन शांत होतं. मी घाबरलेली नाही.
आई म्हणाली, अगं, त्यांना दिवे कशाला, शेजारी बसून दोन शब्द बोल. सूचना तांत्रिक नसल्याने विचारात घेतली नाही.

६ जानेवारी, रविवार.
चार तासांचं काम अकरा तास चाललं. दारांच्या आतल्या कव्हरच्या सहा क्लिपा तुटल्या. प्लास्टिक आधीच कडक झालं होतं. दोन पट्ट्या बसल्या. तिसरी बसली होती, मग निघाली.

९ जानेवारी, बुधवार.
तीन अँपियरचा फ्यूज उडाला. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने (सगळे त्याला पाना म्हणतात) न बोलावता आत डोकावून पाहिलं. म्हणाला, ताई, वायर दाराच्या सांध्यातून नेलीत? दार लावाल तेव्हा तेव्हा चावणार ते तिला. मी सांगितलं, मी कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनेल तपासते, माझ्या सहीशिवाय एकही बाहेर जात नाही. म्हणाला, मग काय, प्रश्नच मिटला. बोलण्यात आदर होता.

१२ जानेवारी, शनिवार.
फ्यूज पुन्हा उडाला. दहा अँपियरचा टाकला. आता उडत नाही.
कामावर आज नेमक्या याच कारणासाठी, वायरला न झेपणारा मोठा फ्यूज, एक पॅनेल परत पाठवलं. फिटरला चांगलं झापलं. आमची परिस्थिती वेगळी आहे. त्या पॅनेलमध्ये कोणी बसणार नाही.

१६ जानेवारी, बुधवार.
पुढच्या दोन्ही सीट काढून अंगणात ठेवल्या आहेत. वायर पुन्हा ओढते आहे. गाडीत जळक्या रबरासारखा वास येतो. काचा खाली केल्यावर येत नाही.
परवापर्यंत सीट बसणं शक्य नाही. हॉस्पिटलला फोन करून १ फेब्रुवारी घेतली. आईला सांगितलं, तारीख पुढे गेली. हे खोटं नाही. तारीख पुढे गेलीच आहे.
बाबा म्हणाले, बरं झालं, तेवढीच हातातली घड्याळं होतील. म्हणजे घाबरलेच आहेत. माझा अंदाज बरोबर.

२३ जानेवारी, बुधवार.
बाबांच्या हातून घड्याळाचा बारीक स्क्रू निसटला. टेबलावरच होता, त्यांच्या मनगटाला लागून. ते खाली वाकून फरशी चाचपत राहिले. बराच वेळ. मी टेबललॅम्पचा कोन पंधरा अंशांनी बदलून दिला. विषय संपला.
आज एक गिऱ्हाईक आपलं घड्याळ न सांगता उचलून घेऊन गेलं. बाबा समोरच बसले होते.
रविवारपर्यंत दिव्यांचं काम संपवायचंच.

३१ जानेवारी, गुरुवार.
संपलं नाही. डावीकडची पट्टी लुकलुकते, वासही आहे. असं अर्धवट काम घेऊन एवढ्या लांब जाणं बेजबाबदारपणाचं ठरेल. पुन्हा फोन केला. ८ फेब्रुवारी. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, अंदाज माझा आहे.
आईला सांगितलं. तिने पोळी वाढली आणि माझ्याकडे बघत राहिली.

७ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ६.
काम पूर्ण. वास थोडा. चाचणी घेतली.
बाबांना पुढच्या सीटवर बसवलं, आईला मागे. उजेड वीस टक्के ठेवला. विचारलं, कसं वाटतंय? म्हणाले, लाव की. पन्नास केला. मग शंभर. आईची बोटं निळी दिसत होती. बाबा समोरच्या काचेतून बघत स्वस्थ बसले होते. पट्ट्या सगळ्या कडेला आहेत, हे मी आखतानाच ठरवलं होतं. स्विच बंद केला, खटका वाजला. त्यानंतर बाबा म्हणाले, हां, आत्ता! छान आहे गं, छान आहे.
आई मागून हळूच म्हणाली, उद्या जायचं म्हणजे जायचंच.
नोंद: वापरणारा समाधानी.

८ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी २.
घरापासून पाच किलोमीटरवर बाबांच्या बाजूच्या दारातून धूर आला. गाडी कडेला घेतली, त्यांना बाहेर ओढलं, बॅटरीची वायर काढली. कोणाला इजा नाही. बाबा विचारत होते, काय झालं, काय झालं, आणि धुराच्याच दिशेने चालत होते. आईने त्यांना धरलं. टॅक्सी मिळायला पाऊण तास गेला.
डॉक्टरांनी नजरेच्या तपासणीचा नवा कागद जुन्याशेजारी ठेवला. काळा भाग कडेने आत सरकला आहे. मधे पांढरं उरलंय ते नाण्याएवढं. त्यातलं या तीन आठवड्यांत किती गेलं ते सांगता येणार नाही, म्हणाले. ऑपरेशन आजच करू. पण थांबलात कशासाठी?
मी उत्तर जुळवत होते. तेवढ्यात काउंटरवरच्या बाईंनी रजिस्टर उघडून वाचलं: दोन वेळा पुढे ढकललं, मुलीच्या फोनवरून. कारण, गाडीत लाइटचं काम चालू. त्या हसल्या नाहीत. कोणीच हसलं नाही.
बाबा म्हणाले, मीच सांगितलं होतं हो तिला. भ्यालो होतो मी. ती काय करणार?
मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही.
आत न्यायला नर्स आली, तेव्हा बाबांनी माझ्यासाठी हात पुढे केला. मी त्यांच्या अगदी शेजारीच उभी होते. ते दाराकडे बघत म्हणाले, कुठे गेली ही? मी चार पावलं पुढे गेले आणि बरोबर त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.