ट्रॉडेल चोवीसला येतेच

१४ डिसेंबर

फॉर्म भरून पाठवला. नाताळच्या सुट्टीत परदेशी विद्यार्थ्यांना घरी ठेवून घेणारी कुटुंबं युनिव्हर्सिटीला हवी आहेत. 'घरात माणसं किती' या रकान्यात 'तीन' लिहिलं. मी, ट्रॉडेल, वीब्के. खोटं काही नाही. ट्रॉडेल ल्यूबेकला बहिणीकडे गेली आहे, गुडघ्यासाठी. समुद्राची हवा गुडघ्याला चांगली. वीब्के लाइपझिगला नोकरी करते, पण वरची खोली अजून तिचीच आहे.

परक्या मुलीला माझ्या हातचं जेवावं लागणार, हे कळल्यावर ट्रॉडेलच्याने तिथे बसवणार नाही. बायकोला मी ओळखतो. पत्र टाकलंय. फोन मी करणार नाही. गेली ती, करायचा तिने. एकतीस वर्षं नगरपालिकेत लोकांचे नकाशे तपासले. आराखडा म्हणजे काय, ते मला सांगू नये.

१९ डिसेंबर

मंजूर! तामता नावाची मुलगी, तेवीस वर्षांची, जॉर्जियाची. पाण्याचं काहीतरी शिकते. वीब्केला फोनवर सांगितलं. मग विचारते, बाबा, आईला विचारलंस का? म्हटलं, कळवलंय. कळवणं वेगळं, विचारणं वेगळं, म्हणाली. हिला हल्ली शब्दांत पकडायची खोड लागली आहे.

बावीस तारखेपासून दोन जानेवारीपर्यंतचं वेळापत्रक केलं, अर्ध्या अर्ध्या तासाचं. प्लास्टिकमध्ये घालून घेतलं. चोवीसच्या रकान्यात: 'ट्रॉडेलचं आगमन, सगळ्यांना आनंद.'

२२ डिसेंबर, दुपारी ४

आली. बॅग लहान, केस कापलेले, जर्मन उत्तम बोलते. खाकरली तरी व्याकरण शुद्ध. एकहार्ट म्हण, असं सांगितलं. ती 'हेर वेसलिंग'वरच थांबली. घरून अक्रोड ओवून द्राक्षाच्या रसात घोळवलेली मिठाई आणली होती. मेणबत्तीच दिसते अगदी. मी स्टँडवर खोचली आणि काडी शोधायला लागलो. ती काही बोलली नाही. संस्कार चांगले आहेत.

फ्राउ वेसलिंग कुठे आहेत, विचारलं. म्हटलं, गुडघा. चोवीसला येते. आणि तुमची मुलगी? तीही येईल. मग दहा मिनिटं कोट घालून दारातच उभी. थंडी वाजत असणार. हीटर वाढवला.

२२ डिसेंबर, संध्याकाळी साडेसात

वर खुर्ची सरकवल्याचा आवाज. दाराला लावून ठेवली वाटतं. वीब्केच्या त्या दारातून वारा येतो, मला माहीत आहे. संकल्प: उद्या फटीला पट्टी लावायची.

२३ डिसेंबर

पट्टी लावली. मी आत असेपर्यंत ती जिन्यात उभी होती. मदत कर म्हटलं, तर नको म्हणाली.

किल्ला बघायला जाणं रद्द. तिला म्हणे अभ्यास आहे. दुपारी मसुराचं सार आणि सॉसेज केलं. तिने नुसता पाव खाल्ला. म्हणाली, उपवास आहे. त्यांचा नाताळ सात जानेवारीला, तोवर मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. उपवास म्हणे! सणाच्या तोंडावर कोणी उपवास करतं का? पोरीला घराची आठवण येते आणि सांगायची लाज वाटते, एवढंच. संध्याकाळी तिच्यासाठी ऑम्लेट केलं.

फ्राउ वेसलिंग कुठल्या गाडीने येणार, हे दोनदा विचारलं. एकदा स्वयंपाकघरात, एकदा बाथरूमच्या बंद दारामागून. ट्रॉडेलचं उत्तर अजून आलेलं नाही. डिसेंबरात टपाल रखडतंच. तामताने युनिव्हर्सिटीच्या ऑफिसला फोन लावून पाहिला. दोन तारखेपर्यंत बंद. मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. हॉस्टेलचं हीटिंगही दुरुस्तीला काढलंय. तेव्हा आमच्याकडेच आली हे बरं झालं.

२४ डिसेंबर, सकाळी

बटाट्याचं सॅलड करतोय. ट्रॉडेलचं चवदार लागतं. माझंही लागेल, काकडी जरा जास्त झाली एवढंच. झाड उभं केलं. चार पानं मांडली.

२४ डिसेंबर, संध्याकाळी ६

चार वाजून बारा मिनिटांच्या गाडीला स्टेशनवर गेलो. नाही. पाच बाराच्या गाडीला गेलो. तीतून एक बाई उतरली, ट्रॉडेलसारखाच करडा कोट. मी हात हलवला. तिनेही हलवला, मग जवळ आल्यावर दोघांनीही खाली घेतला.

घरी आलो तर तामता कोट घालून टेबलापाशी बसलेली. सांगितलं, रेल्वेचा संप दिसतोय. तिने फोन दाखवला: सगळ्या गाड्या वेळेवर. तरुण मंडळी फोनवर फार विसंबतात. मग तिने माझ्याकडे न बघता विचारलं, हेर वेसलिंग, तुमच्या मिसेस खरंच इथे राहतात का?

हा काय प्रश्न झाला? माझा आवाज जरा चढला असेल. जराच. पाहुण्यांवर ओरडणाऱ्यातला मी नाही. ती वर गेली. सॅलड चौघांतल्या एकानेच खाल्लं. काकडी जास्तच झाली होती.

२५ डिसेंबर, दुपारी

हंस भाजला. खालून काळा पडला, पण तो कुठे कोण बघतं. शेजारच्या फ्राउ ओस्टरकाम्प बिस्किटं घेऊन आल्या आणि दारातच तामताशी हळू आवाजात बराच वेळ बोलल्या. शेजार असावा तर असा. नंतर तामताने वीब्केचा नंबर मागितला. आनंदाने दिला. पोरींची गट्टी जमलेली बरी.

२५ डिसेंबर, संध्याकाळी ५

वीब्के आली! न सांगता, अडीच तास गाडी चालवत! आराखडा निम्मा तरी यशस्वी. आई मागोमाग असणारच. हंस गरम करायला ठेवला. वीब्के बूट न काढताच वर गेली. खाली आल्या त्या दोघी, तामताच्या हातात बॅग.

२६ डिसेंबर

काल पुढचं लिहवलं नाही. आज लिहितो.

वीब्केने तामताला गाडीत बसवलं आणि परत आत आली. मी विचारलं, हंसाचं काय करायचं? ती म्हणाली, बाबा, हंस राहू दे. ती मुलगी तीन दिवस दाराला खुर्ची लावून झोपली, माहीत आहे तुला? म्हटलं, हो, तिथून वारा येतो. पट्टी लावलीय मी. वीब्केने डोळेच मिटले. म्हणाली, वारा? अरे, कागदावर तीन माणसांचं कुटुंब बघून ती आली. इथे एकटा पुरुष, रोज नवं कारण सांगतोय. ऑफिस बंद, हॉस्टेल बंद. तिच्या जागी मी असते तर?

मी म्हटलं, मी तिच्या केसालाही धक्का लावला नाही. ती म्हणाली, मला माहीत आहे. तिला कुठून माहीत असणार?

वेळापत्रक बोटाने दाखवलं, का कोण जाणे. वीब्के जवळ आली. वाटलं, मिठी मारेल. तिने माझ्या खांद्यावरचा धागा काढला आणि गेली. तामता गाडीत समोर बघत बसली होती. मी हात केला. तिने मान हलवली, बस चुकलेल्या अनोळखी माणसाकडे बघून हलवावी तशी.

२८ डिसेंबर

तामताला पत्र लिहिलं. चार पानं. गैरसमज कसा झाला, हे मुद्देसूद. वाचून पाहिलं. चार पानांत 'माझा हेतू' अकरा वेळा. फाडलं.

२९ डिसेंबर

दुसरं, दोन पानं. तेही फाडलं. तिसरं असं: 'मी फॉर्मवर खोटं लिहिलं. बायकोने परत यावं म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही घाबरलात आणि मला कळलं नाही. चूक माझी. तुमचा सात तारखेचा नाताळ चांगला जावो.' वीब्केच्या पत्त्यावर टाकलं. टपालपेटीपाशी जाऊन दोनदा परत फिरलो होतो. थंडी होती.

थंडी नव्हती फार.

३० डिसेंबर, सकाळी ११

ट्रॉडेलला फोन केला. मी केला. सहा मुद्दे काढून ठेवले होते. ती म्हणाली, वीब्केने सांगितलं सगळं. मी म्हटलं, गुडघा कसा आहे? ती हसली, पण गंमत वाटल्यासारखी नाही. म्हणाली, एकहार्ट, माझ्या गुडघ्याला कधीच काही झालं नव्हतं. मी तुला ऑक्टोबरात सांगितलं होतं, स्वयंपाकघरात, तुझ्यासमोर उभी राहून. मी जातेय, परत येणार नाही. तू काय म्हणालास, आठवतं? म्हटलं, नाही. ती म्हणाली, सूप गार होतंय, असं म्हणालास.

आठवतं. बटाट्याचं होतं.

तिने तिथे ल्यूबेकलाच फ्लॅट घेतलाय, दोन खोल्यांचा. शिवणकाम शिकवते. आवाज बरा वाटला. कितीतरी दिवसांनी मी मध्ये न बोलता ऐकत होतो. शेवटी तिने विचारलं, आहेस ना? म्हटलं, आहे. बरं, म्हणाली, आणि फोन ठेवला. सहापैकी एकही मुद्दा निघाला नाही.

१ जानेवारी

रात्रभर बर्फ पडलं. सकाळी फावडं घेऊन दारासमोरचं काढत होतो. फ्राउ ओस्टरकाम्पही त्यांच्या दारासमोर. नवीन वर्षाच्या शुभेच्छा झाल्या. आता ट्रॉडेलचं विचारतील, मग जीभ गुडघ्याकडे वळेल, हे मला ठाऊक होतं. म्हणून त्यांनी विचारायच्या आतच सांगून टाकलं. मोठ्याने. फावडं टेकवून, ताठ उभं राहून. आयुष्यात एवढं अवघड वाक्य मी कधी बोललो नव्हतो: ट्रॉडेल मला सोडून गेली आहे. ती येणार नाही.

फ्राउ ओस्टरकाम्पनी फावडं थांबवलं. मग म्हणाल्या, अहो हेर वेसलिंग, ते अख्ख्या गल्लीला ऑक्टोबरपासून माहीत आहे. स्टेशनवर मीच तर सोडलं तिला. दोन बॅगा होत्या.

आणि पुन्हा बर्फ काढायला लागल्या.