मामंजींचं इंजिन आणि आपलं

कुंभार पिंपळगाव
२७ जानेवारी १९७६

प्रिय उषा,

आशीर्वाद तर रोजच असतात, ते कागदावर लिहिले म्हणून वाढत नाहीत. तुझी आई बरी आहे. गहू पोटरीत आलाय. आणि मोठी बातमी अशी, की ज्या माणसाला कंदिलाची वात सरळ कापता येत नाही असं तुझी आई सगळ्या गावाला सांगते, त्या तुझ्या बापानं काल झेंडावंदन उरकून आल्यावर मळ्यातल्या डिझेल इंजिनाचं हेड खोललं, आत नवं गॅसकीट टाकलं आणि हेड पुन्हा बसवलं. मिस्त्री बोलावला नाही. ही बातमी तुझ्या मामंजींच्या कानावर घालायला माझी हरकत नाही.

खरं सांगतो, हे सगळं त्यांच्यामुळंच झालं. तुझं आंतर्देशीय पत्र पाच तारखेला आलं. मी ओट्यावर बसून तुझ्या आईला वाचून दाखवायला घेतलं. मायन्यात दादा, आणि तिथून पुढं मामंजीच मामंजी. मामंजींनी रेडिओ उघडला. मामंजींनी इंजिनाचं हेड घरीच खोललं, मी एकेक पाना उचलून देत होते, कोणता हवा ते मला न विचारता कळायला लागलंय. एका पानात मामंजी नऊ वेळा. मात्रा मोजायची सवय जन्माची, त्यामुळं हेही मोजलं गेलं. दादा एकदाच. मधेच मी वाचायचं थांबवलं. तुझी आई म्हणाली, पुढं वाचा की. मी म्हणालो, पुढं काय, सगळे खुशाल आहेत. आणि घडी करून पत्र कोटाच्या खिशात टाकलं.

पोरी, साहेबरावांचा, म्हणजे तुझ्या मामंजींचा, हेवा मला आजचा नाही. तुला बघायला आले तेव्हा आत चहाचा स्टो पेटेना. त्यांनी तो बाहेर मागवला, बैठकीतच मांडी घालून खोलला आणि गप्पा मारता मारता चालू करून दिला. मीही मागं राहू नये म्हणून चौथीच्या वर्गाला शिकवायचो ती कविता चालीवर म्हणून दाखवली. डोळे मिटून म्हणत होतो. कडवं संपल्यावर त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, गुरुजी, घरात एखादं जुनं वायसर आहे का? तू दाराआडून हसलीस. ते हसू माझ्यावर होतं की त्यांच्यावर, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

तुला आठवतं का, सायकलच्या दांडीवर बसवून मी तुला शाळेत न्यायचो? चेन पडली की मला बसवता यायची नाही. मग सायकल हातात धरून आपण पायी निघायचो, आणि गाव येईपर्यंत दोन कविता जास्तीच्या व्हायच्या. पळसाच्या झाडांना तू श्रोते मंडळी म्हणायचीस. इतकी वर्षं मी समजत होतो की चेन पडली की तुला आनंद व्हायचा. तुझं पत्र वाचल्यापासून वाटायला लागलं, पोरीला चेन बसवणारा बाप हवा असणार, तिनं कधी बोलून दाखवलं नाही एवढंच. आता तो तिला सासरी, धावड्याला मिळालाय. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे खरी, पण तिला तिकडंच बरं वाटत असेल तर आपण कशाला ओढून आणायचं? असं मीच मनाशी ठरवलं आणि तुझ्या आईला दर दोन दिवसांनी म्हणत राहिलो, बघू, जाऊ.

अशात इंजिन बिघडलं. हेडाच्या जोडातून पाणी फुरफुरायला लागलं, हँडल मारलं तर ते पोकळ फिरायचं. बांधशेजारी भुजंग म्हणाला, गॅसकीट गेलं, मिस्त्री आणा. तुझी आई म्हणाली, जल्दी आणा, गहू करपून चाल्लाय. मी एसटीनं जालन्याला गेलो आणि मिस्त्रीऐवजी गॅसकीटच घेऊन आलो. भुजंगाचे पाने उसने आणले. जुनं गॅसकीट असं चिकटलेलं, की ते खरवडायला तुझ्या आईचं उलथनं पळवलं. त्यावरून जे ऐकून घेतलं ते इथं लिहीत नाही. मग नवं ठेवलं, हेड चढवलं आणि नट आवळायला घेतले. चार नट. पहिला जीव खाऊन आवळला, मग त्याच्या शेजारचा, मग पुढचा. ओळ पुरी झाल्याशिवाय दुसरी धरायची नाही, ही माझी आयुष्यभराची शिस्त. ओठांवर चालही होती. भुजंग म्हणाला, "गुरुजी, नट आवळून राह्यले का पाठ करून राह्यले?"

इंजिन सुरू झालं. माझी छाती फुगतेय तोच जोडाच्या एका बाजूनं गरम पाण्याची पिचकारी सुटली, ती थेट चष्म्यावर. भुजंग हसून हसून खालीच बसला. "धावड्याला तार करा गुरुजी, व्याह्यांना बोलवा. न्हाई तं गहू गेला."

व्याह्यांना! विहिरीच्या काठावर जाऊन बसलो. खिशात तुझं पत्र होतं. नाइलाज म्हणून काढलं, कारण साहेबरावांनी हेड कसं बसवलं ते तू त्यात लिहिलं होतंस. एक नट एकदम आवळायचा नाही. समोरासमोरचे, थोडे थोडे, तीन-चार फेऱ्यांत. मी चारही ढिले केले आणि तुझ्या अक्षरांवर बोट ठेवून एकेक फेरी केली. तिसऱ्या हँडलला इंजिन धडधडलं. जोड कोरडा. भुजंग म्हणाला, "बराबर." पाटाला पाणी लागलं. आनंद झाला, पण खोटं कशाला लिहू, माझ्या मळ्यात माझं इंजिन साहेबरावांच्या पद्धतीनं चालतंय, हे मला त्याही वेळी टोचत होतं.

आता हे पत्र कशासाठी लिहितोय ते. नट आवळताना तुझ्या पत्राची घडी पुरती उघडली, आणि खालच्या दुमडायच्या पट्टीवर तुझं बारीक अक्षर दिसलं: "दादा, सातवा लागलाय. इथं मला काही कमी नाही, पण मला आपल्या घरी यायचंय. मामंजी म्हणतात, दादांचं बोलावणं येऊ दे, मग पाठवतो. न्यायला कधी येता?" एकवीस दिवस, उषा. एकवीस दिवस तो प्रश्न माझ्या खिशात होता आणि मी मामंजी मोजत बसलो होतो. तुझ्या आईला अजून सांगायचा धीर झालेला नाही. साहेबरावांना रीतसर बोलावण्याचं कार्ड आजच वेगळं टाकलंय. सोमवारी पहिल्या एसटीनं निघतो, तुला माहेरी आणायला मुराळी मीच. हे पत्र कुणाला दाखवू नकोस. इतका उशीर का झाला म्हणून कुणी विचारलं, तर टपालात घोटाळा झाला असं सांग. तू मला वाटेत हवं तेवढं बोल. पण त्यांच्या ओसरीवर, त्यांच्यासमोर, तेवढं एक खोटं माझ्यासाठी बोल.

तुझाच,
दादा