एका दिवसापुरता विमा नसल्याचा दाखला मिळण्याबाबत

प्रति,
मा. दावे अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय : मला फक्त एक दिवस विमा नसलेला इसम समजण्याबाबत.
संदर्भ : आपले पत्र, "आपल्या पत्नीचे चालू वर्षाचे विमासंरक्षण संपुष्टात आले आहे."

महोदय,

वरील विषयास अनुसरून नम्रपणे कळवितो की, मी शिंपी असून कापडाला कात्री लावण्याआधी शिलाई सांगतो. गिऱ्हाईक नाक मुरडते, मी थोडे उतरतो, आणि काम होते.

१) पत्नीच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदूसाठी रुग्णालयात गेलो असता, खिडकीवरील बाईंनी काय होते हे न विचारता "विमा आहे का?" असे विचारले. "आहे" म्हणताच खुर्ची मिळाली. मी खर्च विचारला. "काका, तुम्हाला कशाला ती उठाठेव? कंपनी भरतेय ना!" मला ते पटले, हे कबूल करतो. फुकट ते पौष्टिक, या न्यायाने आम्ही सोफ्याची खोली, तीन दिवसांचा मुक्काम व पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांची तपासणी स्वीकारली. गुडघे ठणठणीत होते. माझाही रक्तदाब चार वेळा मोजला. शेवटी रकमेची जागा कोरी असलेल्या कागदावर मी आनंदाने सही केली.

२) त्या एका डोळ्यात वर्षाचा विमा संपला. डावा डोळा महिन्याभरात करा, असे डॉक्टर म्हणतात. नवे विमावर्ष आठ महिन्यांनी आहे. म्हणून पदरचे भरायचे ठरवून दर विचारला. रुग्णालय म्हणते, "पॉलिसीवाल्यांचा दर कंपनीला विचारा." आपले कार्यालय म्हणते, "रुग्णालयाला विचारा." शेजारच्या न्हाव्याचा विमा नाही. त्याने त्याच खिडकीवर दर विचारला, घासाघीस केली आणि डोळा करून दुपारी जेवायला घरी आला. आता त्याचे दोन्ही डोळे झाले आहेत.

३) सबब, मला एका दिवसापुरता विमा नसल्याचा दाखला द्यावा. त्या दिवशी मी आजारी पडणार नाही, अशी लेखी हमी देतो.

पत्नी दुकानात काज-बटणाचे काम करते. दोन डोळ्यांचा मेळ नसल्याने तिला सुई एकीकडे व दोरा दुसरीकडे दिसतो. ती मला बोल लावत नाही, याचीच मला जास्त लाज वाटते. सही माझी होती.

दाखल्याच्या प्रतीक्षेत, आपला नम्र,
(सही)
सव्वीस वर्षे एकही हप्ता न चुकवलेला शिंपी
दिनांक : ४ मार्च

सोबत :
१. पॉलिसीची प्रत.
२. बिलाची प्रत जोडता आली नाही. ती मला दाखविण्यात आलेली नाही.
३. पत्नीने काल केलेल्या काजाचे कापड. तिला ते सरळ वाटते. मीही तिला तसेच सांगितले आहे.