‘जाणे’ने केलेला घोळ

आई, तुला नि बाबांना इथूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे, हॉस्पिटलातलं कामही जमतंय. पण या स्पॅनिशने डोक्याचा भुगा केलाय. ‘जाणे’ला इथे ‘इर’ म्हणतात. त्याचं ‘जाते’ होतं ‘वॉय’, ‘जात होते’ होतं ‘इबा’ आणि ‘गेले’ होतं ‘फुई’. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही!

काल माझ्या वॉर्डात एका आजींची लेक आली. रिकामा पलंग बघून म्हणाली, “आई कुठेय?” आजींना एक्स-रेला नेलं होतं. मी मोठ्या हुशारीने भूतकाळ जुळवला आणि म्हणाले, “से फुए.” म्हणजे ‘गेल्या’! बाईने हंबरडाच फोडला. मी “एक्स-रे, एक्स-रे” ओरडतेय, पण ऐकतंय कोण? तेवढ्यात आजी व्हीलचेअरवरून हजर. लेकीलाच विचारतात, “कोण गेलं गं?”

मोठ्या नर्सबाईंनी मला चांगलंच झापलं. आजी मात्र आता प्रत्येक गोळीआधी माझ्याकडून एक काळ म्हणून घेतात. चुकले तर तोंडच उघडत नाहीत.

तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग हं. आज आजींनी विचारलं, “घरी कधी जाणार?” ‘इरे’, म्हणजे ‘जाईन’, हे अगदी अचूक आलं. तारीख मात्र सांगता आली नाही.

तुझी वैतागलेली,
धाकटी